चुकलेली ठिणगी

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी चार शहाण्या माणसांनी बोलावे आणि गावाने ऐकावे, ही चाल महाराष्ट्रात रुजली. अशा व्यासपीठावर संतवाङ्मय, राज्यघटना, अर्थकारण असे विषय शोभतात. त्यांच्या पंगतीत मोटारीच्या इंजिनातली एक ठिणगी येऊन बसलेली पाहून काही श्रोते बुचकळ्यात पडले असतील, हे आम्ही जाणून आहोत. आम्ही रूढ अर्थाने विद्वान नव्हे. आमचे शिक्षण थोडे रात्रशाळेत आणि पुष्कळसे गॅरेजात झाले. त्यापुढची वर्षे कामगार संघटनेच्या कामात गेली. परंतु एक गोष्ट आम्हाला फार दिवस खटकत आलेली आहे. राजांचे इतिहास लिहिले गेले, यंत्रे शोधणारांचेही लिहिले गेले. यंत्र बिघडल्यावर ते का बिघडले हे ओळखणाऱ्या माणसांचा इतिहास मात्र कोणी मांडत नाही. तो या ठिणगीच्या निमित्ताने थोडक्यात मांडावा, एवढाच आमचा हेतू.

लक्षण आणि रोग

प्रथम मूळ गोष्ट समजून घेऊ. पेट्रोलच्या इंजिनाचे काम चार टप्प्यांत चालते. दट्ट्या खाली येताना हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण आत ओढले जाते. तो वर जाताना ते दाबले जाते. दाब पुरा होण्याच्या किंचित आधी ठिणगी पडते, मिश्रण पेटते आणि दट्ट्या जोराने खाली ढकलला जातो. शेवटी जळका वायू बाहेर फेकला जातो. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर त्याला मिनिटाला ६००० ठिणग्या लागतात. म्हणजे सेकंदाला शंभर. त्या नुसत्या पडून भागत नाही, प्रत्येक ठिणगी तिच्या ठरल्या क्षणी पडावी लागते.

यांपैकी एका सिलिंडरचा भडका चुकू लागला की गाडी मिसिंग मारते, असे गॅरेजवाले म्हणतात. पालखीच्या चार भोयांपैकी एकाचा पाय लचकला तर पालखी खाली पडत नाही, पण आत बसलेल्याला प्रत्येक पावलाला हिसका बसतो; तसाच हा प्रकार. गाडी थरथरते, चढाला मान टाकते, पेट्रोल जास्त पिते, धूर सोडते.

आता भडका चुकला म्हणजे ठिणगीच चुकली असे मात्र नाही. पेट्रोल पोचत नसेल, झडप नीट बसत नसल्यामुळे दाब धरत नसेल, कोठून तरी जास्तीची हवा शिरत असेल, प्लग झिजला असेल, वायर फुटली असेल किंवा ठिणगीला जोर देणारी कॉइल मरायला टेकली असेल. लक्षण एक आणि रोग सहा. अंगात ताप आहे एवढ्यावरून हिवताप ठरवणाऱ्या वैद्याला आपण शहाणा म्हणत नाही. मोटारीच्या बाबतीत मात्र तेवढ्यावरच औषध देण्याची पद्धत आज रूढ होत चालली आहे. ती कशी रूढ झाली हे कळायला मागे जावे लागते.

ठिणगीचा जन्म

विजेची ठिणगी मोटारीपेक्षा वयाने मोठी. १८३१ साली मायकेल फॅरडेने विद्युत्प्रवर्तनाचा नियम दाखवून दिला. हा फॅरडे लोहाराचा मुलगा आणि पुस्तकबांधणीच्या दुकानातला उमेदवार, हे आमच्यासारख्यांना विसरता येत नाही. १८३६ साली आयर्लंडमधील मेनूथ येथील निकोलस कॅलन या धर्मगुरूने एकावर एक दोन वेटोळी गुंडाळून कमी दाबाच्या विजेपासून मोठ्या दाबाची वीज काढून दाखवली. पुढे पॅरिसमध्ये राहणाऱ्या हाइनरिश रुमकॉर्फ या जर्मन कारागिराने १८५० च्या आसपास ही कॉइल इतकी सुधारली की ती त्याच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. १८६४ साली फ्रान्सच्या बादशहाने त्याला ५०,००० फ्रँकांचे पारितोषिक दिले.

या कॉइलचा इंजिनात उपयोग १८६० साली एत्येन लेन्वार याने आपल्या गॅस इंजिनात केला. पण ती ठिणगी बेभरवशाची होती. म्हणूनच निकोलाउस ओटोने १८७६ साली चार टप्प्यांचे इंजिन उभे केले तेव्हा मिश्रण पेटवायला उघडी ज्योत वापरली, आणि गॉटलीब डाइम्लरने बाहेरून तापवलेली लालभडक नळी वापरली. कार्ल बेंझ मात्र विजेवरच अडून बसला. २९ जानेवारी १८८६ रोजी त्याने आपल्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्या गाडीत बॅटरी होती आणि कंप पावणारी कॉइलही होती. मोटारीच्या सगळ्या अडचणींत ठिणगीची अडचण सर्वांत अवघड, असे त्याचे मत होते आणि ते खरे होते.

ही गाडी खरोखर चालते हे जगाला दाखवले ते त्याच्या पत्नीने, बर्था बेंझ यांनी. ऑगस्ट १८८८ मध्ये दोन मुलांना बरोबर घेऊन त्या मानहाइमहून फोर्झहाइमला गेल्या; अंतर सुमारे शंभर किलोमीटर. वाटेत पेट्रोलची नळी तुंबली तेव्हा त्यांनी टोपीची टाचणी घालून ती मोकळी केली, आणि ठिणगीची तार घासून उघडी पडली तेव्हा मोज्याच्या पट्ट्याने तिला आवरण दिले, असे सांगतात. गाडी का अडली हे रस्त्यावर उभे राहून ओळखणारे इतिहासातले पहिले माणूस बहुधा याच होत. त्यांच्याजवळ पदवी नव्हती आणि हत्यारांची पेटीही नव्हती. त्यांना गाडीतला प्रत्येक भाग काय काम करतो हे ठाऊक होते, आणि त्या ज्ञानावर कोणाचे कुलूप नव्हते. पुढच्या विवेचनासाठी हे दुसरे वाक्य ध्यानात ठेवावे अशी विनंती आहे.

श्टुटगार्टचा कारखाना

बॅटरी लवकर संपे, म्हणून बॅटरीवाचून ठिणगी काढण्याची खटपट सुरू झाली. १८८६ साली रॉबर्ट बॉश याने श्टुटगार्टमध्ये लहानसा कारखाना काढला. चुंबकाच्या जोरावर वीज पैदा करणारा मॅग्नेटो त्याने १८८७ मध्ये स्थिर इंजिनासाठी बनवला आणि १८९७ मध्ये तो वेगवान वाहनाला बसवून दाखवला. १९०२ साली त्याचा सहकारी गॉटलोब होनोल्ड याने मोठ्या दाबाचा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीचा स्पार्क प्लग तयार केला. त्यानंतर काही वर्षांतच युरोपातील मोटारी त्यावर चालू लागल्या. १९१४ साली महायुद्ध पेटले तेव्हा आपण मॅग्नेटोसाठी शत्रूच्याच कारखान्यावर अवलंबून आहोत हे ब्रिटिशांच्या ध्यानात आले आणि त्यांची धावपळ उडाली. एवढ्याशा ठिणगीचे महत्त्व त्या दिवशी मंत्र्यांनाही कळले.

कामगार चळवळीच्या दृष्टीने या कारखान्याची आणखी एक नोंद केली पाहिजे. १९०६ साली तेथे आठ तासांचा दिवस लागू झाला. त्या काळच्या जर्मनीत ही मोठी दुर्मिळ गोष्ट होती. आणि १९१३ साली त्याच कारखान्यात मोठा संपही झाला. म्हणजे मालक भला असला तरी कामगाराला आपले म्हणणे स्वतःच मांडावे लागते. यात मालकाची निंदा नाही. हा केवळ इतिहासाचा अनुभव आहे.

बोटांनी केलेले निदान

अमेरिकेत १९०८ साली फोर्डची मॉडेल टी निघाली. १९२७ पर्यंत तशा दीड कोटी गाड्या तयार झाल्या. हिच्यात चार सिलिंडरांना चार स्वतंत्र कॉइली होत्या. त्या लाकडी पेटीत ओळीने बसवलेल्या असत आणि प्रत्येकीवर एक पट्टी थरथरत असे. गाडी मिसिंग मारू लागली की शेतकरी पेटीचे झाकण काढी आणि दोन पट्ट्या बोटाने दाबून धरी. इंजिन उरलेल्या दोन सिलिंडरांवर चालले तर ते दोन ठीक. मग दाबलेल्या पट्ट्या बदलायच्या. असे करत मिनिटभरात मेलेला सिलिंडर सापडे. नंतर शेजारच्या दोन कॉइलींची अदलाबदल करायची. रोग कॉइलीबरोबर सरकला तर कॉइल वाईट. जागच्या जागी राहिला तर कॉइल निर्दोष, दोष अन्यत्र. तर्कशास्त्राच्या पुस्तकात याला लांबलचक नाव असेल. ते पुस्तक न वाचलेल्या लाखो माणसांनी ही पद्धत रोज वापरली.

याच फोर्डच्या कारखान्यात १९१३ साली सरकती जोडणीपट्टी आली. एका कुशल कामगाराच्या कामाचे लहान लहान तुकडे पाडले गेले. एकाने बोल्ट घालायचा, दुसऱ्याने नट फिरवायचा. कसब हातातून काढून पट्टीत घातले गेले. तथापि एक काम मालकांना तसे तोडता आले नाही, आणि ते म्हणजे दुरुस्ती. गाडी बनवण्याचे तुकडे पडतात. गाडी का चालत नाही हे ओळखण्याचे पडत नाहीत, कारण त्याला संपूर्ण गाडी एका डोक्यात असावी लागते. म्हणून विसाव्या शतकात कारखान्यातला कारागीर आकसत गेला तेव्हा गॅरेजातला कारागीर मात्र टिकून राहिला.

डेल्को

आता आपल्या गॅरेजांतल्या एका शब्दाकडे येऊ. ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरला आपल्याकडचे मिस्त्री डेल्को म्हणतात. डेल्कोचा पॉइंट, डेल्कोचे झाकण, असे शब्द आम्ही पहिल्या दिवसापासून ऐकले. हे नाव आले ओहायो राज्यातल्या डेटन शहरातून. चार्ल्स केटरिंग नावाचा शेतकऱ्याचा मुलगा तेथे गल्ल्याची यंत्रे बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होता. नोकरी सांभाळून संध्याकाळी तो काही सहकाऱ्यांसह एडवर्ड डीड्स यांच्या गोठेवजा कोठारात मोटारीच्या विजेवर काम करी. १९०९ साली त्यांनी कंपनी काढली. तिच्या लांब इंग्रजी नावाची आद्याक्षरे जोडून डेल्को हा शब्द झाला. कॅडिलॅकच्या १९१० च्या गाड्यांवर त्यांची ठिणगीची व्यवस्था बसली, आणि १९१२ च्या गाड्यांवर हाताने हँडल मारण्याची गरज संपवणारा विजेचा स्टार्टर आला. त्या हँडलच्या उलट्या झटक्याने माणसांचे हात मोडत. ते थांबले, ही केटरिंगची माणसावरची कृपा मानली पाहिजे.

त्याची रचना इतकी सुटसुटीत होती की पुढे सहासात दशके जग तिच्यावर चालले. चार कॉइलींच्या जागी एकच कॉइल. तिच्यात लोखंडी गाभ्याभोवती दोन वेटोळी. एक जाड तारेचे, काहीशे फेऱ्यांचे. दुसरे केसासारख्या बारीक तारेचे, हजारो फेऱ्यांचे. डेल्कोतला पॉइंट मिटलेला असतो तेव्हा बॅटरीची वीज जाड वेटोळ्यातून वाहते आणि गाभ्यात चुंबकत्व साठते. पॉइंट उघडला की ती वीज एकदम तुटते, चुंबकत्व कोसळते आणि बारीक वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब उसळतो. पॉइंटजवळचा कंडेन्सर तेथे ठिणगी उडू देत नाही आणि ते तुटणे झटकन होईल असे पाहतो. मग डेल्कोच्या झाकणाखाली फिरणारा रोटर ती वीज क्रमाने एकेका प्लगला पोचवतो.

फियाटच्या बॉनेटखाली

आपल्याकडे ही विद्या खरी वाढली ती टॅक्सींवर. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट गाड्या निघू लागल्या. पुढे त्यांनाच प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणजे हीच गाडी. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शेवटची टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. आमची उमेदवारी या गाड्यांवर झाली, आणि त्या काळी कॉइलीचा रोग कसा ओळखत हे आम्ही हाताने शिकलो.

मिस्त्री प्रथम कान देई. मग लाकडी मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने एकेका प्लगची वीज इंजिनाच्या अंगावर उतरवी. चांगल्या सिलिंडरची ठिणगी तोडली की आवाज पडतो. मेलेल्या सिलिंडरची तोडली तर काहीच फरक पडत नाही. तो सिलिंडर सापडला की प्लग काढून त्याचा रंग पाहायचा. विटकरी किंवा राखी रंग निरोगी, सुकी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, ओलसर तेलकट काळा म्हणजे रिंगा किंवा झडपा झिजल्या, पांढरा फटफटीत म्हणजे इंजिन जास्त तापते आहे. कॉइलीची वायर इंजिनापासून अर्धा पेर दूर धरून ठिणगी पाहायची. निळी आणि तडतडणारी असेल तर कॉइल धडधाकट. पिवळी, बारीक, मुकी असेल तर तिचे दिवस भरले. पावसाळ्यात रात्री बॉनेट उघडून अंधारात इंजिन चालवले तर फुटक्या वायरींवर वीज नाचताना दिसे. पुष्कळदा डेल्कोच्या झाकणातला दमटपणा कोरड्या फडक्याने पुसला की रोग बरा होई, आणि गिऱ्हाईक चहाचे पैसे देऊन जाई.

सर्वांत फसवा रोग गरम कॉइलीचा. सकाळी गाडी झकास चालते. तासभर गर्दीत तापली की खोकू लागते आणि बंद पडते. अर्धा तास उभी केली की पुन्हा जशीच्या तशी. टॅक्सीवाला म्हणे, पेट्रोलमध्ये भेसळ आहे. दुसरा म्हणे, पंपात वाफ धरली आहे; त्यावर ओले फडके ठेवा. दोन्ही गोष्टी अशक्य नसत. पण कॉइलीच्या आतले तारेवरचे आवरण उष्णतेने तडकते. गार असता फट मिटते, तापली की उघडते, आणि वीज प्लगपर्यंत न जाता आतल्या आत मरते. मीटर लावून गार कॉइल तपासली तर ती निर्दोष दिसते, कारण मीटरची वीज दुबळी. हजारो व्होल्टच्या दाबाखाली आवरण टिकते की नाही हे मीटर सांगू शकत नाही. म्हणून आमचे वस्ताद सांगत, रोगी आजारी असतानाच त्याची नाडी पाहा. गाडी बंद पडली त्या क्षणी ठिणगी पाहायची. ठिणगी आहे, तर पेट्रोलकडे वळा. ठिणगी नाही, तर आधी पॉइंट आणि कंडेन्सर पाहून घ्या. ते ठीक असतील तर कॉइल बदला.

आणि कॉइल बदलूनही काम संपत नाही. ती मेली का? प्लग झिजून त्याची फट रुंदावली की ठिणगीला उडी लांब मारावी लागते. कॉइलीवर रोज जास्त दाब येतो आणि ती अकाली जाते. चावी चालू ठेवून गाडी नुसती उभी केली आणि पॉइंट मिटलेला राहिला तर ती तापून जळते. कारण तसेच ठेवून नवी कॉइल बसवणे म्हणजे छप्पर गळत असता जमिनीवरचे पाणी पुसत बसणे होय.

चुकीच्या निदानाची किंमत

निदान चुकले तर काय होते, याचे सर्वांत दारुण उदाहरण याच ठिणगीच्या इतिहासात आहे. केटरिंगची व्यवस्था आली त्याच सुमारास इंजिनांत ठोके ऐकू येऊ लागले, आणि लोकांनी दोष त्याच्या ठिणगीला दिला. केटरिंगने तो आरोप नुसता झटकला नाही, कारण शोधले. दोष ठिणगीचा नसून इंधनाचा आहे हे सिद्ध झाले. येथवर निदान उत्तम होते. औषध मात्र घातक निघाले. त्याचा सहकारी टॉमस मिजली याने डिसेंबर १९२१ मध्ये असे शोधून काढले की पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग घातले की ठोके थांबतात.

शिसे विषारी आहे हे त्या काळी गुपित नव्हते. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील शुद्धीकरण कारखान्यात या कामावरचे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले आणि तिसांहून अधिक आजारी पडले. अॅलिस हॅमिल्टन या विदुषींसारख्या आरोग्यतज्ज्ञांनी धोक्याचा इशारा दिला. मे १९२५ मध्ये सरकारी परिषद भरली, विक्री काही काळ थांबली आणि नंतर पुन्हा सुरू झाली. ते शिसे पुढे जगभरच्या मुलांच्या रक्तात गेले. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली थांबले. जगातल्या शेवटच्या देशात, अल्जीरियात, ते २०२१ साली थांबले. एका ठोक्याच्या औषधापायी शंभर वर्षे गेली. यंत्राचे निदान करताना त्या यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाचा विचार केला नाही म्हणजे काय होते, हे याहून स्पष्ट काय सांगावे?

यंत्रच बोलू लागले

दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिसच्या आकाशात डोळे चुरचुरवणारे धुरके साचू लागले. आरी हाखेन-स्मिट या शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकाच्या प्रारंभी दाखवून दिले की मोटारींच्या धुरातले न जळलेले इंधन आणि सूर्यप्रकाश यांच्या संयोगातून हे विष तयार होते. म्हणजे भडका चुकला की नुकसान केवळ गाडीच्या मालकाचे होत नाही, सगळ्या गावाचे होते. त्यातून कायदे आले. १९७५ पासून अमेरिकेतील बहुतेक नव्या गाड्यांना धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागला. भारतात तो मुंबईसह चार महानगरांतील नव्या गाड्यांना एप्रिल १९९५ पासून सक्तीचा झाला. भडका चुकून कच्चे पेट्रोल या कन्व्हर्टरमध्ये गेले तर ते तेथे जळते आणि त्याचा गाभा वितळतो. म्हणून चुकलेली प्रत्येक ठिणगी मोजणे भाग पडले.

दरम्यान १९७० च्या दशकात ट्रान्झिस्टरने पॉइंटाची जागा घेतली. पुढे डेल्को गेला, कार्बुरेटर गेला, आणि प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतःची कॉइल बसली. गंमत पाहा, शंभर वर्षांनी गाडी पुन्हा मॉडेल टीच्या चार कॉइलींवर आली. झाकण काढून बोट ठेवायची सोय तेवढी राहिली नाही. कॅलिफोर्नियात १९८८ च्या गाड्यांपासून आणि सबंध अमेरिकेत १९९६ च्या गाड्यांपासून गाडीतल्या संगणकाने स्वतःचा बिघाड स्वतः नोंदवावा असा दंडक झाला. आपल्याकडे तो २०१० नंतर टप्प्याटप्प्याने आला.

हा संगणक भडका ओळखतो तो मोठ्या युक्तीने. मुख्य दांड्याला एक दातेरी चक्र असते आणि त्याजवळ संवेदक. प्रत्येक भडक्याबरोबर दांडा किंचित वेग घेतो. भडका चुकला की तेवढ्यापुरता मंदावतो. कोणता दाता उशिरा आला यावरून कोणता सिलिंडर चुकला हे कळते. पी-०३०२ हा संकेत म्हणजे दुसरा सिलिंडर चुकतो आहे. पी-०३०० म्हणजे चुका वेगवेगळ्या ठिकाणी होत आहेत. समोरचा पिवळा दिवा लुकलुकू लागला तर कन्व्हर्टर धोक्यात आहे. पाय हलका करून गाडी बाजूला घ्यावी. जुन्या मिस्त्रीचा कान जे करी तेच हे चक्र करते, आणि ते अधिक बारकाईने व न थकता करते. आम्ही यंत्राचे वैरी नाही. पण दुसरा सिलिंडर चुकतो एवढेच संकेत सांगतो. का चुकतो हे सांगत नाही. ते अजूनही माणसालाच शोधावे लागते. दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर बसवून पाहा. संकेत पी-०३०३ झाला तर कॉइल वाईट. पी-०३०२ च राहिला तर प्लग, वायरिंग, इंजेक्टर आणि दाब तपासा. १९०८ च्या शेतकऱ्याची पद्धत आजही तीच आणि तितकीच खरी आहे.

वेळ कोणाचा?

येथे इतिहास आमच्या रोजच्या कामाला येऊन भिडतो. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमधला तरुण मेकॅनिक आमच्याकडे आला. संकेत दुसऱ्या सिलिंडरचा. त्याने नवी कॉइल बसवली. आठ दिवसांत गाडी तीच तक्रार घेऊन परतली. दुसऱ्या कॉइलीचे पैसे त्याच्या पगारातून कापले गेले. आम्ही कागद मागवले. वरच्या झाकणाचे सील गळून प्लगच्या खोबणीत तेल साचले होते आणि ते कॉइलीचे रबर खात होते. हे त्याला दिसले नसते काय? दिसले असते, पण त्याच्या कामाच्या तक्त्यात कॉइल बदलायला मिनिटे ठरलेली होती आणि कारण शोधायला एकही मिनिट नव्हते. म्हणजे ज्या कामाला खरे डोके लागते तेच काम हिशेबात नाही! वाटाघाटीनंतर कापलेले पैसे परत मिळाले. निदानाचा वेळ हा कामाचा वेळ धरावा ही मागणी मात्र अजून भांडून घ्यावी लागते.

दुसरी बाजू लहान गॅरेजवाल्यांची. त्यांना वेळ आहे, पण ज्ञानावर कुलूप आहे. कंपनीचा स्कॅनर, दुरुस्तीची पुस्तके, अस्सल सुटे भाग त्यांना मिळत नाहीत. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये याच कारणासाठी चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलांत गेले. पण खुल्या बाजारात भाग व निदानाची साधने न देणे हा ग्राहकावर आणि कारागिरावर अन्याय आहे, हे एका अधिकृत संस्थेने लिहून ठेवले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी २०१२ साली दुरुस्तीच्या हक्काचा कायदा मोठ्या बहुमताने उचलून धरला. आपल्या केंद्र सरकारनेही २०२२ साली या हक्कासाठी समिती नेमली आणि त्यात मोटारींचा समावेश केला. पाऊल लहान आहे, पण दिशा योग्य आहे.

विजेवरच्या गाड्यांत ही ठिणगी नाही. तेव्हा हे सारे पुराण होणार, असे कोणी म्हणेल. आम्हाला तसे वाटत नाही. विजेची गाडीही बिघडणार. तिच्या बॅटरीतल्या शेकडो घटांपैकी एखादा दुबळा होणार, आणि तो का दुबळा झाला हे कोणाला तरी ओळखावे लागणार. ओळखणाऱ्याला कागद मिळतील की नाही, पुरेसा वेळ मिळेल की नाही, आणि त्या वेळेचा मोबदला मिळेल की नाही, हे तिन्ही प्रश्न तेथेही असेच उभे राहतील.

श्रोत्यांकडे आमचे मागणे फार मोठे नाही. पुढच्या वेळी आपली गाडी मिसिंग मारू लागली आणि कोणी काही न पाहता चारही कॉइली बदलायला सांगितल्या, तर एवढेच विचारा: कॉइल गेली हे कशावरून, आणि ती का गेली? आणि ज्याने तासभर घालवून वीस रुपयांच्या सीलमध्ये दोष शोधला, त्याला त्या तासाचे पैसे हात आखडता न घेता द्या. सुटा भाग कोणत्याही दुकानात मिळेल. कारण सांगणारा माणूस घडायला मात्र वर्षे लागतात, आणि त्याच्या कामाला किंमत दिली तरच तो टिकतो.